किसन साळवे आणि त्याचे एट्रुस्कन जग

फोन आला तेव्हा मी शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. किसनकडेच निघालो होतो. त्याची मुलगी प्रज्ञा पुण्याला नर्स आहे. फोनवर तिचं नाव दिसलं, तेव्हा वाटलं, मी कितीला पोहोचतो ते विचारत असेल. ती म्हणाली, "काका, पप्पा गेले. सकाळीच. आईनं चहा नेला तोवर…" गाडी लागली, मी चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तर मला गावाचं नाव आठवेना. मागच्या बाईंनी सांगितलं, "दौंड म्हणत व्हते मगाशी." गेले सात आठवडे मी एक वाक्य मनात घोळवत होतो. ते किसनला सांगायचंच, असं ठरवून त्या दिवशी घराबाहेर पडलो होतो. पोहोचलो तेव्हा अंगणात त्रिशरण सुरू झालं होतं. वाक्य तसंच राहिलं.

त्याला आता महिना होऊन गेला. झोप येत नाही आणि कुणाशी बोलावंसं वाटत नाही. पुरवणीच्या संपादकांनी विचारलं, तुमच्या त्या पाण्याचे जुने जग जमवणाऱ्या मित्राबद्दल काही लिहाल का. हो म्हणालो. चांगलं लिहीन म्हणून नव्हे. हे कुठेतरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून.

आम्ही दोघेही तळेगाव ढमढेऱ्याचे, एका वर्गातले. आमचं घर बागायतदाराचं, त्याचं बौद्धवाड्यातलं. शाळा सुटली की तो माझ्याबरोबर आमच्या दारापर्यंत यायचा, पायरीच्या खाली थांबायचा. त्याला तहान लागलेली असायची. माझी आई तांब्या घेऊन बाहेर यायची आणि वरून धार धरायची. तो खाली ओंजळ करून वाकायचा. आई मायाळू होती, त्याला भाकरीही द्यायची, पण तांब्या कधी खाली आला नाही. धार फाटायची, निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडायचं, आणि तो ओल्या सदऱ्यानिशी हसत घरी जायचा. मी उंबऱ्यात उभा राहून बघायचो. त्यात काही बघण्यासारखं आहे हेसुद्धा तेव्हा मला कळत नव्हतं… चौथीनंतर त्याचे वडील रेल्वेत खलाशी म्हणून मजुरीला लागले आणि ते बिऱ्हाड दौंडला गेलं.

पुन्हा भेट झाली ती माझी दौंडच्या शाळेवर बदली झाली तेव्हा. मी इतिहासाचा शिक्षक, तो रेल्वेत फिटर. बाजारात त्यानेच मला ओळखलं. "मास्तर झालास व्हय?" म्हणाला, आणि हाताला धरून घरी घेऊन गेला. त्याच्या घरात फळीवर, कमलवहिनींच्या डब्यांच्या शेजारी, एक वेगळाच जग ठेवलेला होता. काळाभोर, त्यावर तांबड्या रंगात भाले घेतलेली माणसं, गळ्याभोवती चौकोनी वळणांची नक्षी, आणि कान असा उंच की बोटं आपोआप तिथे जावीत. मी तो उलटा करून बुडाचा शिक्का वाचला. इंग्लंडच्या कुठल्याशा कारखान्याचा होता आणि खाली लिहिलं होतं, एट्रुस्कन.

हा जग मिस ग्रेसचा. रेल्वे कॉलनीतल्या बंगल्यात त्या एकट्या राहायच्या, किसनची आई त्यांच्याकडे भांडी घासायची. एकदा उन्हातून आलेल्या किसनला त्यांनी आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, हातात काचेचा ग्लास दिला आणि त्या जगातून लिंबाचं सरबत ओतलं. "ग्लास माझ्या हातात, आन् जग त्याच्या काठाला टेकलेला," तो सांगायचा. "मला वाटलं, आता मार बसतोय." बंगला सोडून जाताना मिस ग्रेसनी तो जग त्याच्या आईला दिला.

मी त्याला एट्रुस्कन लोकांची माहिती सांगितली. इटलीत रोमच्याही आधी हे लोक होते, त्यांच्या थडग्यांत अशी भांडी सापडली, मग दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या कारखान्यांनी त्या धर्तीचे जग काढले आणि साहेबलोकांच्या सामानातून ते इकडे आले. तो डोळे बारीक करून ऐकत होता. "म्हंजी मढ्याबरोबर पाण्याचं भांडं द्यायचे?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "साहेबांचे बंगले तर रेल्वेच्या समद्या गावात हायेत. अजून असतील की मग."

तिथून सुरू झालं ते पस्तीस-चाळीस वर्षं चाललं. रेल्वेचा पास होता. सुट्टी मिळाली की तो भुसावळ, इगतपुरी, देवळाली, पुण्याचा जुना बाजार असा फिरायचा. भंगारवाले त्याला नावाने ओळखायचे. विडी नाही, दारू नाही, हा एकच नाद. वहिनी चिडायच्या, पण तो नवीन जग घेऊन आला की त्याच राख लावून अलगद घासायच्या. एकदा एका जीपवाल्याने सांगितलं की कासुर्डीला एका म्हातारीच्या गोठ्यात तसलंच काळं भांडं आहे. आम्ही दोघे गेलो. खरंच होतं. म्हातारी त्यातून पेंडीवर पाणी ओतत होती.

"मावशी, हे देता का? बदल्यात पितळंचा नवा जग आणून देतो," किसन म्हणाला.

"न्हाई बाबा. ह्याची धार लई नीट पडती. पितळंच्याला न्हाई तशी."

किसन तिथेच बसला. दिवसभर त्याने तिच्या भुईमुगाच्या शेंगा तोडल्या. संध्याकाळी म्हातारीने जग धुऊन त्याच्या मांडीवर ठेवला. "ने. तुला त्याची माया हाय, मला नुसती सवय हाय." येताना जीपमध्ये त्याने तो पोटाशी धरला होता. मला म्हणाला, "मास्तर, तोंड बघ ह्याचं. तीन पाकळ्या. किती बी वरनं वता, धार फाटत न्हाई." मी मान फिरवून बाहेर उसाकडे बघत राहिलो. तो मला टोमणा मारत नव्हता. तसा त्याचा स्वभावच नव्हता. पण तळेगावच्या पायरीवरचा तो ओला सदरा त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला, इतक्या वर्षांनी. मी जीपवाल्याशी भाड्याचं बोलत बसलो. माझी ती जुनीच खोड.

मी निवृत्त होऊन शिरूरला राहायला आलो. त्याचीही नोकरी संपली. तोवर एकोणतीस जग झाले होते. काळे, तांबडे, एक पिवळट मातीचा, एकावर सारंगीसारखं वाद्य घेऊन बसलेली बाई. दोन खोल्यांच्या घरात ते खाटेखाली, कपाटावर, गव्हाच्या कोठीत ठेवलेले असायचे. त्याचं एकच म्हणणं होतं, "हे पोरांनी बघितलं पायजे. हातात घेऊन बघितलं पायजे." दौंडच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या समितीवर मी अजूनही होतो, मागची एक खोली रिकामी होती. मीच सुचवलं. वहिनी म्हणाल्या होत्या, "घरात हायेत ते बरं हाय भाऊजी." मी त्यांना समजावलं. मी म्हणालो, "वहिनी, माझ्यावर विश्वास ठेवा."

दोन वर्षं ती खोली काय सुंदर चालली! प्रज्ञाने पुण्याहून काचेची कपाटं करून आणली. भांडगावच्या शाळेची मुलं आली, कुरकुंभच्या कारखान्यातले बिहारी कामगार रविवारी यायचे. किसन इस्त्रीचा शर्ट घालून उभा असायचा. प्रत्येक मुलाच्या हातात तो जग द्यायचा, खाली आपले दोन्ही हात धरायचा आणि म्हणायचा, "कानाला नको, बुडाला धर." एकही जग कधी पडला नाही.

आता ते सांगतो.

वाचनालयाला एका सरकारी योजनेच्या सायकली ठेवायला जागा हवी होती. समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्र आलं, मागची खोली पंधरा दिवसांत मोकळी करावी, हरकत असल्यास कळवावं. मी ते वाचलं. वाटलं, अध्यक्षांशी बोलून थांबवू, किसनला उगाच घोर नको. मग त्या आठवड्यात दातांचं निघालं, पुढच्या आठवड्यात आणखी काही. मी हरकत कळवली नाही. कुणीच कळवली नाही. किसन समितीवर नव्हता, त्याला सांगायला मी एकटाच होतो.

ज्या दिवशी खोली रिकामी केली त्या दिवशी मी भांडगावला पुतणीच्या साखरपुड्यात होतो. दौंडपासून अर्ध्या-पाऊण तासावर. पंगतीत बसताना त्याचा फोन आला. "मास्तर, हे लोक टेम्पो घेऊन आलेत. पोत्यात भरतो म्हणतेत. तू ये. तू आलास की थांबतील." मी म्हणालो, "उद्या सकाळी येतो, अध्यक्षांशी बोलतो, त्यांना सांग मास्तर उद्या येतोय." त्याने सांगितलंही असेल. नंतर कळलं, ते लोक वाईट नव्हते, दुपारी तीनपर्यंत थांबले होते. त्या वेळात त्याचे आणखी तीन फोन आले. मला दिसत होतं कोणाचा आहे ते. पाहुण्यांपुढे बरं दिसेना, म्हणून मी फोन ताटाशेजारी पालथा घातला आणि जेवत राहिलो. जिलेबी होती. दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या अंगणात पाच पोती पडलेली होती, युरियाची. तो पायरीवर बसलेला. पोत्याला हात लावला की आतून तुकड्यांचा आवाज यायचा, तो आवाज मला अजून येतो. फक्त मिस ग्रेसचा जग धड राहिला होता, तो त्याने शर्टाखाली धरून आणला होता. मला वाटलं तो ओरडेल, शिव्या देईल. कितीतरी बरं झालं असतं. त्याने वर बघितलं आणि इतकंच विचारलं, "मास्तर, तुला ठाऊक व्हतं का रं आधी?"

मी म्हणालो, "नाही."

तो म्हणाला, "मग काय करणार तू तरी." आणि सरकून मला पायरीवर जागा करून दिली.

हेच ते वाक्य. किसन, मला ठाऊक होतं. चार शब्द. सात आठवडे मी दर गुरुवारी त्याच्याकडे जात होतो आणि ते तोंडातून निघत नव्हतं. तो पोती एकेक करून ओतत होता, तुकडे धुऊन, निवडून, चिकटवत होता. त्याला मोतीबिंदू, प्रत्येक तुकडा डोळ्याशी नेऊन बघायचा. जेवण सुटलं होतं. वहिनी म्हणायच्या, "अवं, माती हाय ती, फुटली तर फुटली." तो म्हणायचा, "माती न्हाई वं, मानसं हायेत." मी त्याला तांबडे तुकडे वेगळे करून द्यायचो, आणि तो मला, मला, म्हणायचा, "तू येतोस म्हणून चाललंय बघ." त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलणार होतो? आणि तरी त्या गुरुवारी ठरवून निघालो होतो. एक गाडी आधीची पकडली असती तरी उपयोग नव्हता, तो फोनच्या बराच आधी गेला होता. हिशेब मी सगळ्या बाजूंनी करून बघितला आहे. कुठूनही सुटका नाही.

किसनच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी वहिनींना एकटं गाठून सगळं सांगितलं. पत्र, फोन, पंगत, खोटं. वाटलं होतं, त्या रडतील किंवा हाकलून देतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता भाऊजी? मी काय करू ह्याचं?" खरंच, त्यांनी काय करावं? माझं ओझं हलकं करायला मी त्यांच्या दारात गेलो होतो, त्यांचं काय झालंय ते न बघता. तांदूळ बाजूला सारून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आलाच हाय तर आत बघून जा. पर कशाला हात लावू नका."

आतल्या खोलीत खिडकीखाली वाळूने भरलेलं एक घमेलं आहे. चिकटवलेला जग हलू नये, जोड बसेपर्यंत ताठ राहावा, म्हणून तो वाळूत अर्धा पुरून ठेवायचा असतो. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी किसनने एक पुरून ठेवला होता. जोड केव्हाच घट्ट झाला असणार, पण कोणी तो बाहेर काढलेला नाही. जगाच्या भोवती त्याने वाळू दाबली आहे, आणि तिथे गोलाकार, एकाला एक लागून, त्याच्या अंगठ्याचे ठसे आहेत. उजव्या अंगठ्याला मशिनीत लागलेली जुनी खाच होती, ती प्रत्येक ठशात उमटली आहे. वहिनी त्या खोलीत झाडू मारत नाहीत, खिडकी उघडत नाहीत. उन्हाळा वाढतोय, भिंती तापल्यात, तरी पंखा लावत नाहीत… वाळू उडेल म्हणून. मी दर गुरुवारी जातो, दाराजवळ घामाने भिजून उभा राहतो, आणि श्वाससुद्धा बेताने सोडतो.