टीव्हीवरचं तोंड

अकोल्यातल्या माझ्या दवाखान्यात दात साफ करायला एक माणूस आला, की सोबत अख्खं घर येतं. पूर्वी मी सगळ्यांना बाहेर हाकलायचे. मग तोंडात फिरवायचा पेनाएवढा कॅमेरा घेतला, खुर्चीसमोरच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि घरच्यांना मुद्दाम आत बोलवायला लागले. इतकी वर्षं ‘तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा’ म्हणून घसा कोरडा केला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता घरच्यांसमोर स्वतःचा सडका गाल हातभर मोठा दिसला, की माणूस मान खाली घालतो. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

तो हिवरखेडचा, तिशीतला, भाजी पिकवणारा. सोबत त्याची आई. त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दातांवरचा लाल थर मी मशीननं काढला आणि कॅमेरा गालाच्या आत फिरवला. टीव्हीवर पांढरा, ताठरलेला पट्टा दिसला.

“हे खर्र्यानं झालं,” मी म्हणाले. “आता नाही थांबलात तर कॅन्सर.”

म्हातारी उठली. मला वाटलं, तिला जवळून बघायचंय. तिनं चप्पल काढली आणि आडव्या पडलेल्या लेकाच्या तोंडावर हाणली.

“मायी शप्पथ खाल्ली होती ना तू? सोडला मनून?”

मारतच सुटली. त्याचा ओठ फुटला, ट्रेमधली हत्यारं खाली सांडली. तिचा हात धरायला गेले तर मलाही एक बसली.

तो उठला. रक्त पुसलं नाही. आईला दंडाला धरून त्यानं खुर्चीत दाबलं. “मॅडम, आता हिच्या तोंडात घाला तो कॅमेरा. रोज गुडाखू घासते ते. पाहू द्या तिले बी.”

माझा गाल चुरचुरत होता, डोकं फिरलं होतं. मी कॅमेरा घातला.

तंबाखूच्या त्या काळ्या पेस्टनं हिरड्या खाऊन टाकल्या होत्या. खालच्या ओठाच्या आत फुलकोबीसारखी उचललेली जखम होती. अशी जखम मी तुकडा तपासायला पाठवण्याआधीच ओळखते. माझा राग तिथंच गळाला.

मी कॅमेरा त्या जखमेवरून हलवला नाही, त्यावरून त्याला कळलं.

“मले काहून नाई सांगतलं, माय?” तो म्हणाला आणि टीव्हीवर मूठ हाणली. काच तडकली. बोटं फुटली तरी हाणत राहिला. मी अडवलं नाही.

माय तोंड उघडं ठेवूनच बसली होती. मी अजून मिटा म्हणाले नव्हते.