साडूंपेक्षा आठ आणे कमी

मार्चमधला दुसरा रविवार, रक्कम अकरा हजार चारशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. रेवदंड्याला त्यांच्या पडवीत बसलो होतो. साडूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. महिन्याभरात त्यांच्या खात्यात जमा झालेले पैसे होते ते. त्यासाठी त्यांनी स्वतः बोटही हलवलं नव्हतं. काम मुलाच्या कॉम्प्युटरने केलं होतं.

"घरबसल्या," बायको म्हणाली. बघत होती साडूंकडे, पण बोलली मला.

मला जे लागलं ते वेगळंच. दोघी बहिणींनी आपापल्या मुलांना एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी एकसारखे कॉम्प्युटर घेऊन दिले होते. दोन्हींत तेच महागडं ग्राफिक्स कार्ड. मुलं नोकरीला बाहेर गेली, कॉम्प्युटर घरी राहिले. आमचा किहीमला जुन्या चादरीखाली झाकलेला होता आणि त्यांचा कमवत होता.

साडूंनी सगळं समजावून सांगितलं. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे समजावतात जरा जास्तच. अशी हजारो घरची यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडलेली असतात. मध्ये कोणी मालक नाही. ज्याला मोठी आकडेमोड करून घ्यायची असते तो यादी बघतो आणि शक्यतो आपल्याच राज्यातलं एखादं यंत्र तासाच्या भाड्याने घेतो. भाव ज्याचा त्याने लावायचा. साडूंचा होता तासाला बावीस रुपये.

एप्रिलच्या सुरुवातीला मीही यंत्र जोडलं. साडूंना सांगितलं नाही. मी अलिबागच्या एका कॉलेजात वीस वर्षं हिशोब बघतो आहे, त्यामुळे आधी कागद घेतला. तासाची वीज, इंटरनेट, कार्डाची झीज. साडेदहा रुपयांखाली गेलो नाही तर तोटा नाही, असं निघालं.

यादीत कोणाचं नाव दिसत नाही. कार्ड, राज्य, भाव, यंत्र किती टक्के वेळ चालू असतं आणि आत्ता मोकळं आहे की कामात, एवढंच दिसतं. महाराष्ट्रातून ते कार्ड देणारे दोघेच होते. एक मी. दुसरा कोण, ते बावीस रुपयांवरून कळत होतं.

मी साडेएकवीस लावला. नारळाचा व्यापारी वाडीत आला की शेजारचा भाव विचारून घ्यायचा आणि आठ आणे कमी सांगायचे, ही माझी जुनी रीत. साडूही तिच्यावरून मला हसलेले आहेत. दुपारपर्यंत मला काम मिळालं. साडूंच्या ओळीवर 'मोकळे' असं आलं. त्या दिवशी मी दोन माणसांचं जेवलो.

दुसऱ्या सकाळी त्यांची ओळ एकवीसवर. मी साडेवीस. ते वीस, मी साडेएकोणीस. कॉलेजला निघताना, जेवणाच्या सुट्टीत, परत आल्यावर मी तेवढी एक ओळ बघायचो. बायकोला बहिणीचा फोन आला की मी पेपर चाळत जवळपास रेंगाळायचो.

"त्यांचं यंत्र चार दिवस रिकामंच आहे म्हणे," फोन ठेवून बायको म्हणाली.

"चार की पाच?"

"चार. का?"

"सहज विचारलं."

मे महिनाभर भाव अकराच्या आसपास घुटमळला. ते अकरा, मी साडेदहा. माझं यंत्र पाचशे चाळीस तास कामात होतं आणि मी खूश होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात विजेचं बिल आलं: सहा हजार आठशे सत्तर. त्यातला यंत्राचा वाटा काढला तर पाच हजार शंभर. इंटरनेटचे नऊशे नव्व्याण्णव. मिळालेले पाच हजार सहाशे सत्तर. कार्डाची झीज न धरताही चारशे एकोणतीस रुपये तोटा. मी विजेचा दर खालच्या टप्प्याचा धरला होता. युनिट वाढले की दर चढतो, हे कोणालाही ठाऊक असतं. कॉलेजच्या बिलात कारकुनाने ही चूक केली असती तर मी कागद परत पाठवला असता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी साडू आणि मेहुणी फणस घेऊन आमच्याकडे आले. जेवताना साडू म्हणाले, "कोणीतरी रोज माझ्याखाली जातंय. मोजून आठ आणे."

"जाऊ दे की," मेहुणी म्हणाली. "त्याचा मेल्याचा तेवढाच आनंद."

साडूंनी ताकाची वाटी खाली ठेवली. "साडूभाऊ, अख्ख्या जगात आठ आणे अजून कोण मोजतं हो?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत राहिलो.

"रागावलो नाही," ते म्हणाले. "पण बाकीची यादी बघितलीत का कधी?" त्यांनी मोबाइल पुढे सरकवला. तेच कार्ड, दुसरी राज्यं, दुसरे देश. तेवीस, चोवीस, पंचवीस. बहुतेक सगळी कामात. "मीही कालच बघितली. तोवर तुमचीच ओळ बघत होतो."

मेहुणी हसायला लागली. "ताई, आपण दोघींनी फोनवर भाव ठरवला असता तर?"

"यांनी ठरवू दिला असता होय?" बायको म्हणाली.

जेवण झाल्यावर दोघांनी समोरासमोर बसून तेवीस रुपये लावले. आठ आण्यांचाही फरक नाही. पान लावून होईपर्यंत त्यांच्या ओळीवर 'कामात' आलं. माझी मोकळीच.

"तुमचं यंत्र ब्याण्णव टक्के वेळ चालू," साडूंनी वाचून दाखवलं. "आमचं नव्व्याण्णव. लाइट गेली तरी आमचा इन्व्हर्टर असतो ना. भाव सारखा असला की गिऱ्हाईक तेच बघतं."

ते गेल्यावर फणसाचा वास घरभर होता. मी एकही गरा खाल्ला नाही.

सोमवारी वीज कंपनीला सहा हजार आठशे सत्तर भरले. तसाच पुढे अलिबागच्या दुकानात जाऊन इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. साडूंनी मागच्या वर्षी सतरा हजारांत घेतली होती. दुकानदाराला मी अठरा हजार पाचशे दिले, घासाघीस न करता. साडूंना आकडा सांगितलेला नाही.