सोमारीनं गाडी जुंपली

वैनगंगेचा पूर ओसरला तेव्हा सोमारीच्या धानावर गुडघाभर गाळ बसला होता आणि घराची भिंत तिच्या नवऱ्याच्या पायावर पडली होती. झिंगूच्या मांडीचं हाड मोडलं. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या. तेव्हापासून तो खाटेवरच तापानं वाळत चालला होता.

चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. पूर आलेल्या गावांना सरकार थोडे पैसे आणि रब्बीचं बी देणार, अशी दवंडी झाली. वाटप होतं जंगलापलीकडच्या बाजारगावी. त्या वाटेवर वाघानं एका गुराख्याला नेलं होतं, म्हणून सारा गाव एकत्र, ढोल बडवत गेला. झिंगूचं नाव पुकारलं तेव्हा सोमारी पुढे झाली.

"शेत कोणाच्या नावावर?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"घरधन्याच्या."

"मग त्यालाच आणा. अंगठा त्याचाच लागेल. उद्या दुपारी आमचा मुक्काम हलतो."

सकाळी ती दिराच्या दारी गेली. "भाऊजी, गाडी हाकता का?"

डोमानं मान वर केली नाही. "वयनी, मले लेकरं आहेत. काल सारा गाव होता, म्हणून गेलो."

मग तिनं स्वतःच बैल जुंपले. झिंगूला धानाच्या तणसावर निजवलं.

निम्मी वाट बरी गेली. पुढे दोन्ही अंगांनी बांबू दाटला आणि वानरं ओरडू लागली. बैल थांबले. सोमारीनं कासरा ओढला, पराणी टोचली, तरी ते हलेनात. त्यांच्या अंगावरची कातडी थरथरत होती.

"सोमारी," झिंगू हळूच म्हणाला, "तू झाडावर चढ. मले राहू दे इथीच."

"गप राहा."

तेवढ्यात डावीकडचा बैल कोसळला. वाघ कधी आला हे तिला दिसलंच नाही. दिसली ती बैलाच्या नरड्यावरची पिवळी पाठ. उजव्या बैलानं हिसका दिला, दोर तोडला आणि तो गावाकडं उधळला. गाडी पुढे झुकली. झिंगू घसरत खाली आला आणि किंचाळला. वाघानं डोळे वर केले, पण तोंड सोडलं नाही.

सोमारीनं नवऱ्याला पाठुंगळी घेतलं. ती धावली नाही, तिला धावताच येत नव्हतं. मागे हाड फुटल्याचा आवाज झाला. झिंगूचे दात तिच्या कानाशी वाजत होते.

"मागं पाहू नोका," ती पुटपुटत राहिली, त्याला की स्वतःला, कोण जाणे.

बाजारगावी पोचली तेव्हा सामान बांधणं चाललं होतं. नायब तहसीलदार खुर्चीवरून उठले आणि त्यांनी स्वतः पाणी दिलं. झिंगूचा अंगठा झाला, पैसे आणि बी मिळालं.

"साहेब, वाघानं बैल नेला," सोमारी म्हणाली.

कारकून चाचरत बोलला, "बाई, ही मदत पुराची आहे. बैल तिच्यात बसत नाही."

थोड्या वेळानं ढोल ऐकू आले. तुटक्या दोराचा बैल एकटाच गावात शिरलेला पाहून डोमा रडत सुटला होता आणि माणसं गोळा करून आला होता. त्यानं भावाला खांद्यावर घेतलं. परतताना बांबूपाशी सोमारीनं डोळे मिटले. सोबत आलेल्या शेजारणीनं हात धरून तिला पार नेलं.

पुराच्या गाळात त्या बियाण्याची लाखोरीची डाळ चांगली आली. डोमानं आपला बैल जोडीला दिला. झिंगू लंगडत का होईना, चालू लागला. सोमारी मात्र बांबू हलला तरी घामानं भिजायची.

काही वर्षांनी पुन्हा पूर आला, पुन्हा दवंडी झाली. सोमारीनं दवंडी देणाऱ्या कोतवालालाच अडवलं.

"आमीच काऊन जाव? साहेब इथी काऊन नाई येत?"

कोतवाल हसला, पण बाया तिच्यामागं उभ्या राहिल्या तसा त्यानं निरोप पोचवला. आठवड्यानं साहेब गावात आले. सोबत बंदूकवाला शिपाई होता, आणि ढोलही.