सावली पडली की पळायचं

आमच्या लॅबमधली उंदरीण तीन आठवड्यांत विते, किस्से त्याच्याही आधी! पिल्लांची नोंद उंदरांची देखभाल करणारे आमचे कदममामा ठेवतात, किश्श्यांची मी. आता डोकं इतकं भरलंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. तर ऐका.

आम्ही बसतो अंधेरीला. काम काय? तर उंदीर कोणी न शिकवता का घाबरतो, का पळतो, तेव्हा त्याच्या मेंदूतली कुठली तार हलते, ते शोधायचं. हे मी घाटकोपरच्या मावशीला अर्धा तास समजावलं. तिने अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "ते सगळं ठीक गं. आमच्या ओट्याखाली एक आलाय, घेऊन जातेस का?"

"अगं मावशी, आम्ही पकडत नाही, फक्त घाबरवतो!"

"मग घाबरव ना! मी काय नाही म्हणतेय?"

*

उंदरांना अनोळखी पुरुषांच्या वासाचं टेन्शन येतं. खरंच येतं, आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे. मामांचा वास त्यांना पाठ झालाय. पण बॉस आत आले की सगळे पिंजरे गप्प! म्हणून बॉसना त्यांच्याच लॅबमध्ये नो एंट्री. बिचारे काचेबाहेर उभे राहून खुणा करतात.

एकदा हिरमुसून म्हणाले, "मी आलो की हे असे गप्प का होतात गं?"

आमची मुग्धा म्हणाली, "सर, मीटिंगमध्ये आम्ही पण होतोच की!"

*

ही मुग्धा म्हणजे आमची पीएचडीची पोरगी, दहिसरची. उंदीर किती सेकंद थिजला, किती वेळ मिश्या पुसत बसला, हे दिवसभर स्टॉपवॉच लावून लिहीत असते. घरच्यांनी एकदा मुलगा बघायचा कार्यक्रम ठेवला. मुलगा आला, पोहे आले. त्याने डिश हातात धरली आणि जो थिजला तो थिजलाच! मुग्धाचा अंगठा आपोआप मोबाइलच्या स्टॉपवॉचवर.

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "कसा वाटला गं?"

"चांगला आहे. कंट्रोल ग्रुपमध्ये चालेल, तुलनेला."

आईने तिच्या पुढची पोह्यांची डिशच उचलून नेली.

*

पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा आहे. हसायचं नाही, सांगून ठेवते.

मुग्धाचा प्रयोग असा. उंदराच्या पेटीवर एक स्क्रीन. त्यावर काळा ठिपका झपकन मोठा होतो. उंदराला वाटतं, वरून घार आली! तो धूम ठोकतो आणि कोपऱ्यातल्या झोपडीत लपतो. पण एका आठवड्यात काय झालं, एकही उंदीर झोपडीबाहेरच येईना. ठिपका दाखवणार कोणाला? मशीन तपासलं, वायरी बदलल्या, बॉसनी काचेबाहेरून हातवारे करून घेतले. काही फरक नाही.

शेवटी कदममामा माझ्या मागे आले. एसीसाठी घातलेल्या माझ्या स्वेटरवरून त्यांनी एक केस उचलला, उजेडात धरला. "मॅडम, घराक मांजर आसा काय?"

वाट लागली! मुलुंडहून रोज मी मांजराचा वास अंगावर घेऊन येत होते आणि इथे सगळे भेदरून बसले होते. अख्खी बॅच बाद. मुग्धाची मुदत संपत आलेली, हातात एकच बॅच उरलेली. मला तर रडूच फुटलं.

"रडू नकोस यार," मुग्धा म्हणाली. "थीसिसच्या आभारात तुझ्या मांजराचं नाव टाकते. तुझं नाही!"

*

शेवटची बॅच झकास निघाली. आता तिचं काम तपासणाऱ्या कमिटीने हो म्हटलं की मुग्धा थीसिस लिहायला मोकळी. नाही म्हटलं तर पोरीचं आणखी एक वर्ष गेलं. आणि कमिटीवर बाहेरून आलेले सर कसे? टक्कल, जाड चष्मा, आणि कशावर म्हणून विश्वास नाही.

"हे उंदीर जन्मले पिंजऱ्यात. घार बापजन्मात पाहिली नाही. नुसत्या सावलीला कोण पळतं हो? तुमच्या स्क्रीनच्या लुकलुकीला दचकत असतील. समोर करून दाखवा!"

त्यांना अर्धा तास पेटीशेजारी बसवून ठेवलं, उंदराला त्यांच्या वासाची सवय व्हावी म्हणून. मग मुग्धा स्क्रीन लावणार, तेवढ्यात फट्! बाहेर रस्ता खणणाऱ्यांनी लाइटची केबल तोडली. स्क्रीन बंद. मुग्धा पांढरीफटक. सर घड्याळ बघायला लागले.

"मग? राहू दे म्हणता?"

"जरा थांबा," मामा म्हणाले आणि खुंटीवरची आपली काळी छत्री घेऊन आले. बटणवाली. खिडकीचा उजेड होता तेवढा पेटीत येत होता. उंदीर मधोमध बसून मजेत मिश्या पुसत होता. सर पेटीवर ओणवे झाले, नाक अगदी काठाला. "ह्या छत्रीने काय होणार आहे?"

मामांनी बटण दाबलं.

फाड्कन छत्री उघडली, दोघांच्याही डोक्यावर! उंदीर झोपडीत. सर टेबलाखाली!

मुग्धाने तोंडावर हात दाबून धरला होता, खांदे गदगदा हलत होते. टेबलाखालून आवाज आला, "बरं... बरं. पटलं. लिहायला घ्या."

मामांनी छत्री मिटली. रजिस्टर उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाय, टायम दोघांचो लिवचो, की उंदराचोच?"