वर्षभराची भुलाबाई

ज्यांना आम्ही भुलाबाईच्या काकू म्हणायचो, त्यांच्या घरची भुलाबाई कधी उठतच नसे. आमच्याकडे भाद्रपदातल्या पुनवेला भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी बसते, महिनाभर पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात, खिरापत खातात आणि कोजागिरीला धारेवर, म्हणजे गावच्या बारमाही झऱ्यावर, तिची पाठवणी करतात. पण काकूंच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ती जोडी दिवाळीत बसलेली, मार्गशीर्षात बसलेली, संक्रांतीचा तिळगूळ खाऊनही तिथंच बसलेली. कुणी विचारलंच तर काकू पदर सावरून सांगत, "माहा नवस हाये. वर्षभर बसवतो म्हटलं होतं." नवस म्हटलं की आमच्या लोणारात पुढं कुणी विचारत नसे. त्या नवसाचं काय झालं आणि त्यात माझा हात किती, ते सांगायला मी बसले आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातली मुलींची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून मुलांच्या शाळेत जायचं, ते आमच्या गल्लीत कुणाला चाललं नाही. म्हणून आम्ही सात जणी घरीच शिकायचो. माझे वडील कचेरीत कारकून. सकाळी निघायच्या आधी तासभर मला गणित नि वाचन शिकवत. छान शिकवत, खोटं कशाला बोलू! आज जे चार शब्द लिहिते आहे ते त्यांच्याच तासाचे. त्यांचं म्हणणं एकच, "शिक्षण घरी होते. त्याच्यासाठी रस्त्यानं कायले पाह्यजे?" डोक्याची सोय झाली होती. हातापायांचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाणी भरा, निवडा, टिपा आणि परत वही उघडा. उंबऱ्याबाहेर पाय पडायचा तो फक्त देवाच्या नावानं.

काकूंनी हेच बरोबर हेरलं. त्या मुलांच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांची बायको, माहेर अमरावतीकडचं, अंगानं काटक. मूलबाळ नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला त्या गल्लीतून निघत आणि दारादारात थांबून ओरडत, "वहिनी, पोट्टीले पाठवजा व भुलाबाईले!" माझी आत्या आमच्याकडेच असे. ती पहिल्यांदा म्हणाली, "या थंडीत कायची भुलाबाई?" काकू म्हणाल्या, "देवाले थंडी वाजते का हो आत्याबाई?" आत्यानं मला सोडलं.

आता आतली गोष्ट. काकूंचं मागचं आंगण चांगलं लांबरुंद होतं. एका टोकाला तुळशीवृंदावन, दुसऱ्या टोकाला शेवग्याचं झाड. हे आमच्या खो-खोचे दोन खांब. मागचं दार लागलं की काकू कासोटा घट्ट करत, आम्ही परकर वर खोचायचो आणि खेळ सुरू. चौघी ओळीत बसायच्या, एक पाठलागाला, दोघी पळायला. शिट्टी वाजवायची सोय नव्हती, गल्लीत ऐकू गेली असती. म्हणून काकूंनी नियम काढला होता, जी बाद होईल तिनं ओसरीवर बसून भुलाबाईचं गाणं म्हणायचं, तेही खणखणीत. खेळ रंगात आला की गाणारीचा जीव खेळात, मग गाण्याची चाल अशी काही पळायची की विचारू नका. शेजारच्या म्हातारबुवांनी एकदा वडिलांना सांगितलं, "पोरींची भक्ती लय वाढून राह्यली बापा!"

काकू पळायला नंतर शिकवायच्या. आधी शिकवलं ते पडायला. मी पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले आणि लगेच मान वर करून कोण हसलं ते बघू लागले. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "पडली तं पडली. पडल्यावर लोक नको पाहू, पाय पाह्य. चालते का पाय? मंग उठ." पुढं आयुष्यात मी बरीच पडले. हे वाक्य दर वेळी कामाला आलं.

त्यांचा राग एकाच गोष्टीवर. पाठीवर हात पडला, खो मिळाला आणि बसलेली पोरगी क्षणभर जरी रेंगाळली, तर त्या वृंदावनापासून धावत येत. "काऊन बसली? कोणाची वाट पाहून राह्यली? खो भेटल्यावर इचार नाही करा लागत." आणि मग कमरेवर हात ठेवून, आम्हाला नाही तर आभाळालाच सांगितल्यासारखं म्हणत, "बसणं तं तुमाले घरी सारेच शिकवतात. मी उठणं शिकवतो."

खेळ झाला की खिरापत. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं, ही रीत. डब्यात रोज भाजलेले दाणे नि गूळच असायचा. तरी आम्ही ओरडायचो, "जिलेबी! बालुशाही!" काकू दर वेळी खऱ्या खऱ्या हरखून म्हणत, "हारल्या! साऱ्या हारल्या!" आणि मूठ मूठ वाटत. मास्तर शाळेतून आले की ओसरीवर बसून आमच्या पायांकडे बघत. कुणी लंगडत असेल तर स्वतः हळद उगाळून देत. त्यांना सगळं ठाऊक होतं. मैदान मोजून आखून दिलं होतं तेही त्यांनीच, चुन्यानं नाही, रांगोळीनं.

दोन हिवाळे असे गेले. वर्ष भरलं तेव्हा काकूंनी नवस आणखी एका वर्षानं वाढवला होता. काकू मला सगळ्यांपेक्षा वेगाची म्हणत आणि ते माझ्या डोक्यात गेलं. एका संध्याकाळी वडील जेवायला बसले होते. शेजारच्या मुलाची शाळेच्या खो-खोत निवड झाली होती, तो मेहकरला खेळायला जाणार होता. वडील कौतुकानं म्हणाले, "पोरगं हरणावानी पळते." मी वाढत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मी त्याच्याहून जोरात पळते. काकू म्हणतात."

वडिलांचा हात ताटात थांबला. "तू कुठं पळतं?"

आत्या पुढं आली. तिनं एक विचारलं, मी दोन सांगितलं. वृंदावन, शेवगा, परकर, गाणी, सगळं. वर हेही सांगितलं की नवस वगैरे काही नाहीये, काकू आम्हाला डोळा मारून सांगतात. हे सांगताना मला अभिमान वाटत होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. मी अकरा-बारा वर्षांची होते, पण इतकीही लहान नव्हते.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली एकही पोरगी दाराबाहेर आली नाही. काकू तीनला आल्या आणि सरळ आमच्या ओट्यावर चढल्या. वडील त्या दिवशी घरी होते. ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, पोरी खेळल्या त्याचं एक वेळ ठीक हाये. पण देवाच्या नावानं खोटं?"

"खोटं नाही भाऊजी," काकू म्हणाल्या. "पह्यल्या दिवशी हात जोडले होते मी तिच्यापुढं. म्हटलं, माय, या पोट्ट्याइले पळू दे, तुले वर्षभर उठवणार नाही. आता हा नवस नाही तं काय हाये?"

दाराआडून आत्या बोलली, "देवाले कोंडून ठेवणं हाये हे. तिले सासरी जाऊ नाही देल्लं तुम्ही. निभणार नाही."

काकूंनी दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या नुसतं म्हणाल्या, "सराव सोडू नको." आणि उतरून गेल्या.

त्यानंतर महिना झाला असेल नसेल. मास्तर शाळेच्या मैदानावर कवायत घेताघेता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मुलांनी त्यांना खाटेवर घालून घरी आणलं. गल्ली जमली आणि आजही माझ्या कानात आहे, रडण्याच्या आधी कुजबुज सुरू झाली. "भुलाबाईले अडकवलं. घ्या आता." "जोडीतल्या देवाले अडवलं अन् हिची जोडी गेली." आत्या घरी येऊन म्हणाली, "मी म्हटलं होतं." मी चुलीमागे बसून एवढंच मोजत होते की मी बोलले नसते तर काय झालं असतं. बोलण्यानं माणूस मरत नाही, हे कळायला मला पुढं किती वर्षं लागली! पण काकूंच्या दारात पुढचे तेरा दिवस एकही बाई टेकली नाही ती माझ्या बोलण्यानंच, हे काही खोटं नाही.

तेरावं झाल्यावर नोकरीनिमित्त मोताळ्यात राहणारा त्यांचा भाऊ न्यायला आला. जायच्या दिवशी मी ओट्यावर सुपात तूर निवडत होते. भाऊ ट्रंक घेऊन एस. टी. स्टँडकडे पुढं गेला. मागून काकू आल्या. कपाळ मोकळं. हातात टोपली, टोपलीवर फडकं. फडक्याखाली काय आहे ते मला कळलं.

आमच्या ओट्याशी त्या थांबल्या. आत्याला म्हणाल्या, "धारेवर जातो, हिले पोचवून येतो. पोरी नाहीत तं पाठवणी कशी व्हावी? कोणी एखादी आली असती तं..."

आत्या दारातून म्हणाली, "जा बाई. गाडी चुकंल तुमची."

काकू ओट्याची पायरी चढल्या आणि माझ्या मागं आल्या. माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला. पूर्ण तळवा, शिकवलेला तसाच. आणि हळू, अगदी माझ्यापुरतं, त्या म्हणाल्या, "खो."

मी उठले नाही.

समोर आत्या उभी होती. मी सुपातली तूर बघत राहिले, त्यातला एकेक खडा आजही मला दिसतो. एखादी पोरगी वृंदावनाला वळसा घालून येईल इतका वेळ तो हात पाठीवर होता. मग निघाला. त्या रागावल्या नाहीत, "काऊन बसली" म्हणाल्या नाहीत. पायरी उतरून, टोपली सांभाळत, एकट्या धारेकडे गेल्या. नंतर कळलं, गल्लीतल्या बाकी सहा दारांत त्या थांबल्याच नव्हत्या. जिनं सांगितलं होतं, तिच्याकडंच आल्या होत्या.

संध्याकाळी आत्याबरोबर पाणी आणायला धारेवर गेले. वरच्या पायरीवर पळसाच्या पानांचे सात द्रोण ओळीनं मांडलेले होते. दाणे नि गूळ. गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

पुढं माझं लग्न होऊन मी हिवऱ्याकडे आले. काकू मोताळ्यालाच वारल्या, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही बाजारात कुणाच्या तोंडून. माझी लेक चौथी पास झाली तेव्हा सासरे म्हणाले, आता घरीच शिकव. त्या वेळी मी जेवायला बसले होते. माझ्या मागं तर भिंत होती, हात कुणाचा पडणार? पण मी उठले. हात न धुता उठले, पोरीला घेतलं आणि शाळेत नाव घालून आले. लोक म्हणाले, हिच्यात हे कुठून आलं? मी कुणाला सांगितलं नाही.

आता गुडघे दुखतात. नातवंडं खेळताखेळता येऊन पाठीला लोंबकळतात. पाठीवर हात पडला रे पडला की मी उभी राहते. पोरं विचारतात, "आजी, कुठं चालली व?" मी काय सांगू त्यांना! थोडा वेळ तशीच उभी राहते आणि मग बसते.