बिल तुमचं, रक्त त्यांचं

बिबवेवाडीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. माझा मोठा भाऊ, दादा, पॅथॉलॉजिस्ट. रिपोर्टवर सही त्याची असते. माणसं, मशिनं, कॉम्प्युटर आणि भांडणं माझ्याकडे. लोकांना वाटतं लॅबमध्ये रक्त सांभाळणं अवघड असतं. रक्त फ्रीजमध्ये गुपचूप पडून राहतं. अवघड असतं ते त्यातून निघालेला कागद सांभाळणं. सुनेचा रिपोर्ट सासूला हवा असतो, होणाऱ्या जावयाचा सासऱ्याला, भाडेकरूचा घरमालकाला. प्रत्येकाला मी एकच सांगते, ज्याचं रक्त त्याला रिपोर्ट. यावरून मला उद्धट म्हणणारे बरेच आहेत. असोत.

गेल्या वर्षी कात्रजच्या पलीकडच्या एका कारखान्याचं काम आम्हाला मिळालं. सुट्या भागांचा कारखाना, बहुतेक कामगार आसपासच्या गावांतले, त्यात बायकाही पुष्कळ. सगळ्यांची वार्षिक तपासणी करायची होती. आमच्या लॅबमधली मुलं तिथे जाऊन रक्त घेऊन आली. दोनच दिवसांत कारखान्याच्या एचआरमधल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, सगळ्यांचे रिपोर्ट एका एक्सेलमध्ये करून मेल करा ना."

"प्रत्येकाचा रिपोर्ट ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाईल. तुम्हाला कामासाठी लायक आहे की नाही, तेवढं कळवू. त्यापुढचं हवं असेल तर त्या माणसाची लेखी संमती आणा."

"अहो, पण बिल आम्ही भरतोय."

"बिल तुमचं, रक्त त्यांचं," मी म्हटलं.

त्या जरा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "बघते," म्हणाल्या. मला वाटलं, विषय संपला. दादालाही सांगितलं. तो चष्मा पुसत नुसता "हं" म्हणाला.

पुढच्या आठवड्यात एक बाई लॅबमध्ये आल्या. चाळिशीच्या, अंगावर कारखान्याचा निळा कोट तसाच. काउंटरवरच्या मुलीशी बोलल्याच नाहीत, थेट माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हीच मॅडम का?"

"मीच. बसा."

बसल्या नाहीत. "मला शुगर हाय?"

नाव विचारून मी त्यांचा रिपोर्ट उघडला. शुगर होती, बऱ्यापैकी वाढलेली. रिपोर्ट तयार होता, पण दादाची सही व्हायची होती, म्हणून त्यांच्या मोबाइलवर अजून गेलेला नव्हता.

"हो, आहे. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुपरवायझरनं. सगळ्या लाइनीसमोर. म्हणला, मावशी, तुमची शुगर वाढलीये, उद्यापासून प्रेस मशिनवर यायचं न्हाई. वर थायरॉइडचं पण बोलला. माझ्या नवऱ्याला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई, अन् त्याला म्हाईत हाय. त्यांना कुणी दिलं? तुम्हीच ना?"

मी "नाही" म्हणाले. ठामपणे म्हणाले. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोरच आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो तरुण, हुशार आणि नको तितका आनंदी माणूस आहे.

"मॅडम, त्यांना कॉर्पोरेट व्ह्यू दिलाय ना आपण! लॉगिन केलं की सगळ्या स्टाफचे रिपोर्ट दिसतात, ड्राफ्टसुद्धा. त्यांच्या एचआरची रिक्वेस्ट आली होती."

"कुणाला विचारून दिलंस?"

"सरांना. सर म्हणाले, देऊन टाक."

फोन स्पीकरवर होता. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मघाचं माझं ठाम "नाही" त्या खोलीतच कुठेतरी लोंबकळत होतं.

"आत्ताच्या आत्ता ते लॉगिन बंद कर," मी त्याला म्हटलं. "आणि त्यांनी कुणाकुणाचं काय काय उघडलं, ते मला पाठव." मग त्या बाईंना म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. आमच्याकडूनच गेलं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. जाताना म्हणाल्या, "एकलीचंच गेलं का समद्यांचं?"

समद्यांचं गेलं होतं.

संध्याकाळी मी दादाच्या कर्वेनगरच्या घरी गेले. त्याने काही लपवलं नाही. "हो, मी दे म्हणालो. एवढी मोठी कंपनी. सगळ्या लॅब देतात. तू एकटीच कायद्याची पुस्तकं घेऊन बसतेस."

"एका बाईला तिचा आजार सुपरवायझरने चारचौघांत सांगितला."

"तो सुपरवायझर मूर्ख आहे. त्यात आपण काय करणार?"

"आपण सगळ्या कामगारांना कळवणार आहोत. काय गेलं, कुणाकडे गेलं, आता बंद केलं, आणि आपली चूक झाली."

तो ताडकन उठला. "वेड लागलंय का तुला? आपणच आपली बदनामी करायची? आणि तो माहिती-संरक्षणाचा नवा कायदा अजून पुरता लागू पण झालेला नाही!"

"लागू होईल त्या दिवशी सकाळपासून प्रामाणिक व्हायचं का?"

"उगाच शब्दांत पकडू नकोस."

मग मी ते बोलले, जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते. "तुझी अँजिओग्राफी झाली तेव्हा मला काय बजावलं होतंस? सोसायटीत नको, डॉक्टर मित्रांना नको, वहिनीच्या माहेरी तर अजिबात नको. लोक कामं पाठवायची बंद करतील म्हणालास. मी कुणाला सांगितलं?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादाने खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुला करायचं ते कर," तो म्हणाला. "माझं नाव घालू नकोस."

मी लॅबचं नाव घातलं, खाली स्वतःचं. कामगारांना पाठवायचा मजकूर साध्या मराठीत लिहिला, कारण असल्या पत्रांत "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं म्हणून काय झालं ते न सांगायची रीत आहे. मी लिहिलं, तुमचा संपूर्ण रिपोर्ट तुमच्या कंपनीच्या ऑफिसला दिसत होता. आम्ही तुमची परवानगी घेतली नव्हती. चूक आमची आहे. तुमचं कोणकोणतं पान उघडलं गेलं ते विचारायला या, दाखवू. तक्रार करायची असेल तर तीही करा, लागतील ते कागद आम्ही देऊ. पाठवायचं बटण दाबण्याआधी तो तीनदा वाचला, हे खरं आहे. दाबलं, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर स्वतः आले.

"तुम्ही आमच्या कामगारांना भडकवताय."

"त्यांची माहिती त्यांना दिली."

"हे बघा, प्रेसवर चक्कर येऊन तिचा हात मशिनमध्ये गेला असता तर? तुम्ही आला असतात का?"

प्रश्न खोटा नव्हता. मी त्यावर आदल्या दिवसापासून विचार करत होते. "तुमच्या कारखान्याला डॉक्टर आहे. त्यांनी तिला तपासावं आणि प्रेस चालवू शकते की नाही, एवढं तुम्हाला सांगावं. तिचं थायरॉइड सुपरवायझरला कशाला? तिच्याआधी कशाला?"

"आमचं काम दुसरीकडे जाईल, मॅडम."

"जाऊ द्या. तिथेही हेच विचारणारं कुणीतरी भेटो तुम्हाला."

"तुमच्या सरांशी बोलतो मी."

दादा तेव्हा आतल्या खोलीत मायक्रोस्कोपपाशी होता. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. तो बाहेर आला, हात पुसले.

"तिने सांगितलं तेच," दादा म्हणाला. "लॉगिन परत मिळणार नाही." आणि आत निघून गेला. मॅनेजरांना चहासुद्धा विचारला नाही त्याने.

काम गेलं. त्याच आठवड्यात गेलं. कारखान्यातले काही कामगार येऊन आपली पानं बघून गेले. एकाने सगळं वाचून झाल्यावर विचारलं, "हे त्यांनी वाचलं?" आणि शर्टाचं वरचं बटण उगाचच लावलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मिळून व्यवस्थापनाला जाब विचारला. सुपरवायझरला त्या बाईंची माफी मागावी लागली, तीही लाइनीसमोर. प्रेस मात्र त्यांना परत मिळालं नाही, पॅकिंगला बसवलं. कारखान्याविरुद्धची आमची तक्रार आणि कामगारांची तक्रार, दोन्ही सरकारी ऑफिसातल्या कुठल्याशा टेबलावर आहेत. मी दर महिन्याला फोन करून चौकशी करते. पलीकडचा माणूस आता माझा आवाज ओळखतो आणि सुस्कारा सोडतो. सोडू दे.

दादा आणि मी त्या दिवसाबद्दल अजून बोललेलो नाही. परवा मात्र एका शाळेच्या संस्थाचालकांचा फोन त्याने घेतला. शिक्षकांची तपासणी करायची होती, रिपोर्ट संस्थेला हवे होते. मी बाहेर बसून ऐकत होते. त्याचा आवाज चढला, "अहो, शिक्षक तुमचे असतील, यकृत त्यांचं आहे!" आणि त्याने फोन आपटला.

तेही काम गेलं. मी दोन कप चहा सांगितला.