वहिनींच्या श्वासाची जागा

कार्ड आले तेव्हा मी खांडबाऱ्याच्या शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. 'तुझी वहिनी गेली,' एवढेच थोरल्या भावाने लिहिले होते. मुले पाढा म्हणत राहिली आणि मी उभ्या जागी तापीकाठच्या आमच्या अंगणात पोहोचलो... तिथे ओटीवर एक दिवा तेवत होता आणि वहिनी त्याच्यावर हळूहळू फुंकर घालत होत्या.

श्रावणात घरोघर बसवलेली कानबाई देवी बायकांच्या डोक्यावरून नदीवर शिरवायला निघाली की गाण्यात पुढे आवाज वहिनींचाच असायचा. पण चुलीच्या वर्षानुवर्षांच्या धुराने छाती धरली. दमा असा, की विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावे लागे. एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी हट्टच घेतला, "औंदा कानबाईले मीच गात लई जासू."

मी त्यांना बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी करून दाखवले... नाकाने सावकाश श्वास घ्या, ओठांचा चंबू करा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. वहिनींनी पदराआडून सगळ्याला मान हलवली, समजले काहीच नाही. परतताना मीच त्यांना सोपे करून सांगितले, "फुकनी फुकतस ना वहिनी, तशी." या सोपेपणाचा मला फार अभिमान वाटला. मास्तर ना मी!

पंधरा दिवसांनी घरी गेलो, तर वहिनी चुलीपुढे, डोळे लालभडक, धुरात फुंकणी फुंकत बसलेल्या. आपली चूल पेटली की शेजारणीचीही फुंकून येत म्हणे! धाप आधीपेक्षा वाढलेली.

"मास्तर, तुम्हीनच ते सांगं व्हतं, फुकनी फुकाले. मी ते दिनभर फुकी ऱ्हायनू."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनीच उलट समजूत काढली, "चूल ते मी लगीनपाईन फुकी ऱ्हायनू. तुम्हना पंधरा दिनमा काय व्हस?"

चूल पुतणीकडे गेली. सुट्टीभर रोज मी वहिनींना ओटीवर बसवले, समोर दिवा ठेवला. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. मी मोजायचो. एक, दोन आत... तीन, चार, पाच, सहा बाहेर. आधी ज्योत हलेचना, मग भसकन विझे. हळूहळू ती वाकायला शिकली. वाकायची, उभी राहायची, पुन्हा वाकायची... आमच्या घराला त्या ज्योतीची गुंगीच आली होती. भाऊसुद्धा बैल सोडून पाहत बसायचा.

श्रावणात वहिनी नदीवर निघाल्या. पहिल्याच ओळीच्या मध्यावर श्वास संपला. त्या थांबल्या. नाकाने आत, ओठांचा चंबू, सावकाश बाहेर. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकाही थांबल्या, कोणी पुढे पाऊल टाकले नाही. मग उरलेली ओळ आली. असे थांबत थांबत नदी गाठायला ऊन डोक्यावर आले, पण गाणे वहिनींनीच पुरे केले. मी काठावर ढसाढसा रडलो. पुढे दरवर्षी तसेच.

यंदा वहिनींच्या दुखवट्यामुळे आमच्याकडे कानबाई बसली नाही. शेजारची निघाली तेव्हा मी दाराशी उभा होतो. धडधाकट छातीच्या बायका खणखणीत गात आल्या आणि ओळीच्या मध्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. पाय थांबले. घोळक्यातल्या एका परकऱ्या पोरीला मी हळूच विचारले, "का थांबन्यात वं?"

"गानंच तसं शे, आबा."

मी मनात मोजू लागलो. एक, दोन... तीन, चार, पाच... सहाला बायकांनी उरलेली ओळ उचलली.